खिडकीजवळची खाट

टाळ्या पडल्या त्या आपल्यालाच, हे नोराच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. तिच्या डोक्यावर स्वातीची गुलाबी ओढणी होती. गावातली पेशंट बाई म्हटली की डोक्यावर काहीतरी पाहिजेच, असं सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं होतं, आणि स्वातीनं लगेच गळ्यातली ओढणी काढून तिच्या केसांवर टाकली होती. आता स्वाती समोर वाकून उभी होती आणि चेहऱ्यावर अजून ती नाटकातली माया तशीच होती. शिबिर घेणाऱ्या हेमाली मॅडम टाळ्या वाजवता वाजवता म्हणत होत्या की वा, असं मन लावून करायला पाहिजे. नोराचं लक्ष मात्र खुर्चीकडे होतं. मघाशी ही खुर्ची खोलीच्या मधोमध होती. नाटुकलं सुरू झालं तेव्हा ती पेशंट म्हणून दाराकडून कण्हत कण्हत आली, आणि स्वातीनं, म्हणजे समतेनं वागणाऱ्या आदर्श नर्सनं, "या मावशी" म्हणत एका हातानं तिचा दंड धरला, दुसऱ्या हातानं खुर्ची फरफटत नेऊन खिडकीशी लावली, पंखा वाढवला, आणि मग तिला बसवलं. इतकं सहज, की विचारलं असतं तर स्वातीनं शपथेवर नाही म्हटलं असतं. खोलीभर बायका होत्या, सगळ्या शिकवणाऱ्या. कुणी नर्सिंग स्कूलच्या ट्यूटर, कुणी वॉर्डात विद्यार्थिनींना हाताशी धरून तयार करणाऱ्या सिस्टर. दोन दिवस सगळ्या भेदभाव कसा ओळखायचा ते शिकत होत्या. खुर्ची सरकली ती एकीलाही दिसली नाही. स्वातीनं हसत हसत तिच्या डोक्यावरची ओढणी खेचून घेतली, परत गळ्यात टाकली, आणि म्हणाली, सिस्टर, तुम्ही तर कमाल केलीत. नोरा हसली. हसण्यावाचून करणार काय होती.

हेमाली मॅडमचा राग यावा असं तसं काही त्या बाईनं केलं नव्हतं, आणि नोराला त्याचाच जास्त राग येत होता. बाई कधी आवाज चढवत नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांची नावं पाठ केली होती. गुजराती वळणाच्या मराठीत ती प्रत्येकीला विचारायची, "तुम्हाला आतून काय वाटलं?" आतून काय वाटायचंय डोंबल. बारा तास पायांवर उभं राहणाऱ्या बाईला आतून पाय दुखतात एवढंच वाटतं. पण या असल्या गोड बायकांना ते चालत नाही, त्यांना डोळ्यांत पाणी लागतं. काल तिनं सगळ्यांना एका रेषेत उभं केलं होतं आणि एकेक प्रश्न वाचला होता. लहानपणी घरात पुस्तकं होती त्यांनी एक पाऊल पुढे. घरात नळ होता त्यांनी एक पाऊल पुढे. आईवडिलांच्या कामाची लाज वाटून कधी खोटं बोलावं लागलं नाही त्यांनी एक पाऊल पुढे. नोरा प्रत्येक प्रश्नाला पुढे गेली. घरात पुस्तक म्हणाल तर एक बायबल आणि होडीचा परवाना, पण ती गेली. नळ गल्लीच्या तोंडाशी होता, ती तरी गेली. शेवटच्या प्रश्नाला तर तिनं जरा जास्तच लांब पाऊल टाकलं आणि ती थेट समोरच्या भिंतीशी, हेमाली मॅडमच्या शेजारी जाऊन पोचली. मागे वळून पाहिलं तर स्वाती अजून रेषेवरच उभी होती. तिचं घर जुन्या गोडदेव गावठाणात, चारी बाजूंनी बिल्डिंगा उठल्यावर मध्ये राहिलेलं, आणि ती खरं बोलली होती. तिला रडू आलं. मग हेमाली मॅडमनी तिला जवळ घेतलं, सगळ्यांनी पाणी दिलं, आणि त्या गडबडीत मॅडमनी नोराकडे बघून एक हलकंसं स्मित केलं, आपण दोघी पुढच्या, आपल्याला कळतं, असं. त्या हसण्यानं नोराच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि सुखही वाटलं. ते सुख वाटलं म्हणून मग स्वतःवरही चिडायची पाळी आली.

वॉर्डात ती खाट आहे. बायकांच्या वॉर्डात, वरच्या मजल्यावर, पार टोकाला, खाडीकडच्या खिडकीशी. पलीकडे बेडपॅन धुवायची मोरी आणि संडास. उत्तन, चौक, पाली या किनाऱ्यावरच्या गावांतल्या कोळणी आल्या की त्यांना तीच मिळते. असा नियम कुठे लिहिलेला नाही. कुणी कुणाला सांगतही नाही. नवी विद्यार्थिनी येते, दोन-चार वेळा बघते आणि तिसऱ्या आठवड्यात तीच म्हणायला लागते, मावशींना तिकडे द्या, त्यांना वाऱ्याची सवय असते. किती प्रेमळ ते. वाऱ्याची सवय. वास येतो असं आजवर या हॉस्पिटलात कुणी मोठ्यानं म्हणालेलं नाही, सगळे शिकलेले लोक आहेत. म्हणूनच तर ते मोडून काढता येत नाही. शिवी दिली तर उलट देता येते, वाऱ्याला काय म्हणणार? सिस्टरांच्या टेबलापासून ती खाट सगळ्यात लांब. डॉक्टरांचा राउंड तिथे पोचेपर्यंत त्यांची जेवायची वेळ झालेली असते. बेल दाबली तर वाजते खरी, पण पंख्याच्या आणि मोरीच्या आवाजात ती कुणाला ऐकू जाते? गेल्या पावसाळ्यानंतर चौकची एक म्हातारी तिथे होती. सलाईनची सुई शिरेतून निघाली, सगळं पाणी कातडीखाली गेलं, हात कोपरापर्यंत फुगला, आणि म्हातारी दुपारभर गप्प पडून राहिली. का ग मावशी हाक नाही मारलीस, असं विचारल्यावर म्हणाली, मारली होती. आपल्याच हातानं नोरानं तिला मीठपाण्याचा शेक दिला होता. म्हातारी तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती आणि नोराला सारखी भीती वाटत होती की ही आता विचारणार, तू कोणाची ग? तिनं शेक लवकर आटोपला.

कारण नोरा गोव्याची होती. म्हणजे नव्हती, पण फर्नांडिस म्हटल्यावर लोक गोवा धरूनच चालतात, आणि एकदा धरलं की सोडत नाहीत. नवऱ्याचे, फ्रँकचे, आजोबा कधीकाळी तिकडून आले होते, एवढाच काय तो तिचा गोव्याशी संबंध. पण नोकरीला लागली त्या पहिल्या दिवशी मेट्रननं विचारलं, गोवा का? आणि नोराच्या तोंडून हो-नाही काहीच निघालं नाही. तिथून सगळं आपोआप होत गेलं. नाताळात ती बोरिवलीच्या बेकरीतून बेबिंका केक आणून वाटायची, घरची म्हणून. आंबोटीकाचं आंबटतिखट कालवण कसं करतात म्हणून स्वातीनं विचारलं तेव्हा तिनं मोबाईलवर वाचून सांगितलं होतं. मासे तर सगळ्या आवडीनं खायच्या, स्वाती तर तिच्या डब्यातलं सुरमईचं कालवण बोटं चाटून संपवायची, गोव्याच्या सुरमईला काय वास थोडाच असतो. माहेरी जाऊन आली की नोरा जेसल पार्कच्या घरी येऊन आधी अंघोळ करायची, केस दोनदा धुवायची, पर्स गच्चीत उन्हात टाकायची. फ्रँक हसायचा, काय पोलीस मागे लागलेत काय. त्याला काय कळतंय. त्याच्या आजोबांचा वास आता कुणाला येत नाही. अशी वर्षं गेली. बोलणं तर तिनं इतकं घासून पुसून घेतलं होतं की विद्यार्थिनी म्हणायच्या, नोरा सिस्टर बातम्या देतात तशा बोलतात. आणि आज सकाळी चिठ्ठ्या काढल्या, त्यात तिच्या वाट्याला आलं, 'किनारपट्टीवरील मच्छीमार स्त्री, अशिक्षित, दुखणं अंगावर काढते'. वाचून तिनं ठरवलं होतं की आपल्या नेहमीच्या मराठीत चार वाक्यं म्हणायची आणि मोकळं व्हायचं. पण दाराशी गेली, वळली, स्वातीनं विचारलं, मावशी काय होतंय, आणि नोराच्या तोंडून आईच निघाली.

"खाली गोला येते," नोरा म्हणाली होती. "पाटी उचलली का येते. मंग हातानं वर सारते आनि चालते. कोनाला सांगू? लाज वाटते."

हे शब्द न् शब्द आईचे. गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी उत्तनच्या माहेरच्या घरात आई चुलीशी पाठमोरी बसून तळायच्या फुग्यांचं पीठ फेटत होती, आणि पीठ फेटता फेटताच बोलली होती, तोंड न वळवता, जणू पिठालाच सांगतेय. नोरा नर्स, रोज असल्या बायका बघणारी. गर्भपिशवी खाली उतरलीय हे तिला पहिल्या वाक्यालाच कळलं. जन्मभर डोक्यावर सुकटीच्या पाट्या, बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी परत वाळवणावर, मग दुसरं काय होणार. तिनं विचारलं होतं, किती दिवस? आई म्हणाली होती, तुजा रेनॉल्ड धाकटा, तो झाला तवापासून. त्या धाकट्या भावाचे, रेनॉल्डचे, केस आता पिकायला लागलेत. म्हणजे नोरा तेव्हा शाळेत होती, आणि पुढे नर्सिंगला गेली, पुस्तकात याची चित्रं पाहिली, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेतले, आणि त्या सगळ्या वर्षांत आई हातानं वर सारत होती आणि चालत होती. आणि आज वर्गात 'हातानं वर सारते' म्हटल्यावर पहिलं हसू फुटलं. वाईट नव्हतं हसू. कौतुकाचं होतं, काय हुबेहूब म्हणून. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालंसुद्धा, अय्या, सेम टू सेम आमच्या वॉर्डातल्या मावशी. जळलं मेलं ते कौतुक. शिव्या घातल्या असत्या तर नोराला बरं वाटलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत हेमाली मॅडम स्वतःची प्लेट घेऊन तिच्याजवळ येऊन बसल्या. पनीर चिवडत चिवडत त्यांनी सांगितलं की हे नाटुकलं जेवणानंतर परत करायचं, आणि ट्यूटर संचितानं ते मोबाईलवर नीट शूट करायचं. पुढच्या सगळ्या बॅचेसना, बाहेरच्या कॉलेजांनासुद्धा, हेच दाखवायचं, पेशंटशी कसं वागावं याचा नमुना म्हणून. नोराचं नाव मुख्य प्रशिक्षक म्हणून त्या पाठवणारच होत्या, मेट्रनशी बोलणंही झालं होतं. नोराच्या हातातला घास तसाच राहिला. हीच जागा तिला हवी होती. वॉर्डातून कायमची सुटका, वर्ग, फळा, आपल्या हाताखाली घडणाऱ्या मुली. याच्यासाठीच तर एवढी वर्षं घासून पुसून काढली होती. आणि ती जागा आता मिळणार होती ती आईची नक्कल केल्याबद्दल. स्वाती मधेच म्हणाली की आमच्या सिस्टर पडल्या गोव्याच्या, पण भाषा काय पकडलीय. मॅडमनी विचारलं, कुठून शिकलात? नोरा म्हणाली, पेशंट बघून बघून. दोघी माना डोलवत राहिल्या. स्वातीनं सवयीनं नोराच्या डब्यातली सुरमईची तुकडी उचलली आणि काटा काढत खाल्ली. नोराला वाटलं, आत्ता हिला विचारावं की खुर्ची का ग सरकवलीस? पण विचारलं की पुढे हिला समजावून सांगावं लागणार, आणि समजावून सांगायचं तर तुम्हाला काय कळतंय सिस्टर, तुम्ही कुठे त्यातल्या, असं ही म्हणणार. म्हणजे आपल्याच घराविषयी बोलायला आपल्याला परवानगी नाही. ती आपणच गमावली, पाऊल पुढे टाकून टाकून.

तेवढ्यात रेनॉल्डचा फोन आला. ती उठून जिन्यात गेली. सगळ्यांसमोर ती त्याच्याशी कधी बोलत नसे. जिन्यातसुद्धा तोंडापुढे हात धरूनच बोलायची. रेनॉल्ड बोटीवरच्यासारखा ओरडून बोलतो, वारा असो नसो. त्याचं म्हणणं एवढंच होतं की सोमवारी आईला घेऊन येतो, गाडी सांगितली आहे. नोरानं नेहमीचं सुरू केलं. इथे खाट मिळायची नाही, वसईला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, तिकडे चांगलं होईल, मी रजा टाकून येते. गेले दोन महिने ती हेच सांगत होती. रेनॉल्डनं सगळं ऐकून घेतलं आणि मग, नवल म्हणजे, आवाज खाली आणून बोलला.

"आय वसईला न्हाय जानार बोलते. बोलते, माजे पोरीचा हॉस्पिटल हाय. मना बघायला तिथं मानूस हाय." थोडं थांबून तो म्हणाला, "तुना तिची लाज वाटते का ग नोरा? खरा सांग. मी न्हाय सांगत तिला."

नोरानं फोन कानाशी तसाच धरला. समोर भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचा तक्ता लावलेला होता, तो ती वाचत राहिली. आई येणार. डोक्यावर पदर नसेल तिच्या, तिनं जन्मात कधी डोक्यावर पदर घेतला नाही, लाल लुगडं कासोटा मारून नेसेल, वेणीत आबोली, कानात जड सोनं. लिफ्टमधून वर येईल, आणि एखादी मुलगी, नोरानंच शिकवलेली, गोड हसून म्हणेल, या मावशी, तुम्हाला वाऱ्याची सवय असेल ना. आणि आई खूश होईल. हे तर सगळ्यात वाईट. आई खूश होईल, म्हणेल किती चांगली पोरगी, मना खिडकी दिली. मग ऑपरेशन होईल, रात्री रक्त जाईल, ती बेल दाबेल. मारली होती हाक, ती म्हणेल. नोराला वॉर्ड दिसत होता, आई दिसत होती, आणि मधल्या टेबलाशी बसलेली, पोरींना समतेचा व्हिडिओ दाखवणारी मुख्य प्रशिक्षक नोरा फर्नांडिसही दिसत होती. तिला त्या बाईची किळस आली. सोमवारी आण तिला, असं तिनं रेनॉल्डला सांगितलं आणि त्याचं पुढचं ऐकायच्या आत फोन बंद केला.

खोलीत सगळं मांडून झालं होतं. संचितानं मोबाईल स्टँडवर लावला होता. खुर्ची पुन्हा मधोमध ठेवलेली होती. स्वातीनं गळ्यातली ओढणी काढून नोराच्या डोक्यावर नीट बसवली, पिनासुद्धा लावल्या, या वेळी घसरू नये म्हणून. हेमाली मॅडम म्हणाल्या, अगदी सकाळसारखंच, काही बदलू नका. नोरा दाराशी गेली, वळली आणि आत आली. कण्हायला ती विसरली, पण कुणी थांबवलं नाही. या मावशी, स्वाती म्हणाली, तिनं दंड धरला आणि दुसऱ्या हातानं खुर्ची घेतली. खुर्चीचे पाय फरशीवर खरवडत खिडकीकडे निघाले. नोरा जागची हलली नाही. स्वातीनं दंड जरा ओढला. मग थांबली, आणि डोळ्यांनी विचारलं, काय झालं?

"मना खिडकी नको," नोरा म्हणाली. "मना मधीच बसाचा हाय."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. हेमाली मॅडम गोड आवाजात म्हणाल्या की छान आहे, पण हे आपल्यात नव्हतं ना, परत घेऊ या. नोरानं पुढे जाऊन खुर्ची उचलली. फरफटवली नाही, उचलली. मधे आणून ठेवली आणि बसली. मग तिनं डोक्यावरच्या पिना एकेक काढल्या, ओढणी उतरवली, घडी केली आणि मांडीवर ठेवली. बोलायला लागली तेव्हा आपण कोणत्या मराठीत बोलतोय याचं तिला भानच नव्हतं, थोडी बातम्यांतली होती, थोडी आईची. ती म्हणाली की मी गोव्याची नाही, उत्तनची. माझ्या आईनं जन्मभर सुकट वाळवली, त्यावर मी नर्स झाले. सकाळी तुम्ही ज्याला हसलात ते दुखणं तिचं आहे. वॉर्डातली खिडकीची खाट कुणाला देतात आणि का देतात ते इथे प्रत्येकीला ठाऊक आहे, आणि आज दोनदा, समता शिकवताना, ही खुर्ची तिकडे गेली ती कुणालाही दिसली नाही. सोमवारी माझी आई ॲडमिट होतेय. तिला सिस्टरांच्या टेबलासमोरची खाट पाहिजे.

हेमाली मॅडमचं तोंड किंचित उघडं होतं, आतून काय वाटलं ते त्यांनी या वेळी विचारलं नाही. स्वातीचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, मग ती घाईघाईनं हसली. तिला खरंच चांगलं काहीतरी बोलायचं होतं, नोराला ते दिसत होतं.

"पण सिस्टर," स्वाती म्हणाली, "तुम्ही उत्तनच्या वाटत नाही हो. अजिबात."

नोरानं मांडीवरची घडी उचलून तिच्यापुढे धरली. स्वातीनं ती घेतली, उलगडली. सकाळी हीच ओढणी याच डोक्यावरून खेचून तिनं सरळ गळ्यात टाकली होती. आता गळ्यात टाकायच्या आधी तिचा हात मध्येच वर गेला, आणि तिनं ओढणीचं टोक नाकाशी नेलं. अगदी एकदाच. मग तिची नजर नोराच्या नजरेला भिडली आणि हात तिथेच राहिला, धड खाली येईना, धड वर राहीना.

संचिता मोबाईल बंद करायला विसरली होती. नोरानं तिच्याकडे मान वळवली.

"एवढंच ठेव," ती म्हणाली. "बाकीचं कापलं तरी चालेल."